टेबलावरचे ठोके आणि ‘सविस्तर मागाहून’ यांबाबत खुलासा

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा मंडळ, मुख्य कार्यालय.

अर्जदार : मंडळाच्या यादीवरील लेखनिक, निवृत्त तारमास्तर, राहणार जुन्या तारघरामागील इमारत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : जीवशास्त्राच्या पेपरात उमेदवारास ठोक्यांच्या सांकेतिक भाषेत उत्तरे पुरविल्याच्या आरोपाबाबत खुलासा, राखून ठेवलेला निकाल विनाविलंब जाहीर करण्याबाबत विनंती, आणि अर्जदाराचे नाव यादीतून कमी करण्यास संमती.

संदर्भ : आपले कारणे दाखवा पत्र, ज्यात खुलासा ‘जास्तीत जास्त शंभर शब्दांत’ मागविला आहे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करतो की, शंभर शब्दांची मर्यादा मी वाचली आहे. उभी नोकरी मी लोकांचे शब्द कापण्यात घालवली, त्यामुळे शंभर शब्द म्हणजे माझ्या लेखी ऐसपैस जागा आहे. तरीही ती ओलांडत आहे. याच कापाकापीने एका मुलीचे वर्ष टांगणीला लागले आहे, म्हणून निदान या अर्जात तरी कात्री चालवायची नाही असे ठरवले आहे. शंभर शब्दांतला खुलासा आपल्या सोयीसाठी अर्जाच्या शेवटी दिला आहे. घाई असल्यास थेट तिथे जावे. पण घाई नसल्यास कृपया क्रमाने वाचावे, ही विनंती.

१. ज्या उमेदवारांना स्वतःच्या हाताने लिहिता येत नाही, त्यांनी तोंडी सांगितलेले उत्तर कागदावर उतरवणे हे लेखनिकाचे काम. मंडळाचे नियम मला तोंडपाठ आहेत. उमेदवाराने सांगितले तेच लेखनिकाने लिहावे. उमेदवाराचे नाव विचारू नये. पेपर सुरू झाल्यावर त्याच्याशी बोलू नये. आणि लेखनिकास तो विषय येत नसावा. शेवटची अट माझ्याइतकी क्वचितच कोणी पाळली असेल. मी जीवशास्त्र शिकलेलो नाही. जे थोडेफार कानावर पडले, ते सगळे वर्षानुवर्षे उमेदवारांच्याच तोंडून, आणि त्यातले खरे कोणते नि खोटे कोणते हे मला कोणीही सांगितलेले नाही. हृदयाला तीन कप्पे असतात, चार असतात, आणि एका चिरंजीवांच्या मते ‘लागतील तेवढे’ असतात, हे तिन्ही मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलेले आहे. अशा माणसावर उत्तरे पुरवल्याचा आळ यावा, हा माझा फुकटचा सन्मान आहे.

२. प्रस्तुत उमेदवार ही दृष्टी नसलेली, विशीतली मुलगी. तिच्यासोबत तिची मावशी आली होती. मावशी खोलीच्या दारातून परत जाताना, मी न विचारता, मला सांगून गेली की पोरीला फिजिओथेरपीला जायचे आहे, बोटांत जादू आहे तिच्या, माझी मान तिनेच बरी केली, फक्त हा एक पेपर निघाला की झाले. आणि मग म्हणाली, “बोलते मात्र फार हो. मी वाचून दाखवायची आणि ही ऐकायची, असाच सगळा अभ्यास झालाय. आम्हा दोघींच्या गप्पाच आहेत त्या.” हे सर्व पेपर सुरू होण्यापूर्वीचे आहे, त्यामुळे नियमभंग होत नाही.

३. आता ठोक्यांविषयी. पर्यवेक्षकांच्या अहवालात ‘लेखनिक संपूर्ण वेळ पेनाच्या टोकाने टेबलावर एक किंवा दोन ठोके देत होता, लेखनिकाची पूर्वीची नोकरी तारखात्यातील असल्याने हा प्रकार गंभीर आहे’ असे म्हटले आहे. सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणतात ते हेच. वस्तुस्थिती अशी : बसल्याबसल्या ती मुलगी मला म्हणाली, “काका, तुम्हाला बोलायची बंदी आहे ना? आणि मान हलवलीत तर मला काय कप्पाळ दिसणार? असं करा, लिहून झालं की एकदा वाजवा. राहिलं असेल तर दोनदा वाजवा, मी परत सांगते.” पर्यवेक्षक शेजारीच उभे होते आणि पुरवण्या मोजत होते. त्यांनी मान हलवली. त्यांना ते आठवत नाही, हे मी समजू शकतो. पुरवण्या मोजताना माणसाला दुसरे काही ऐकू येत नाही.

४. तारेच्या लिपीतून उत्तरे पाठवल्याच्या शक्यतेचा मी माझ्या परीने तांत्रिक विचार करून पाहिला. ‘तंतुकणिका’ हा एक शब्द पेनाने ठोकून पाठवायचा तर पाठवणाऱ्याचे मनगट आणि ऐकणाऱ्याचा धीर दोन्ही सुटतील. शिवाय ऐकणाऱ्याला ती लिपी यावी लागते. आमच्या तारघरात उमेदवारीवर आलेल्या धडधाकट पोरांना ती शिकवताना मी हात टेकले होते. या मुलीला मी पेपरच्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. आणि एवढे करून पाठवणार काय, तर हृदयाचे कप्पे लागतील तेवढे?

५. माझी पूर्वीची नोकरी पर्यवेक्षकांना कशी कळली, हेही सांगितले पाहिजे, कारण अहवालात ‘चौकशीअंती निष्पन्न झाले’ असे शब्द आहेत. चौकशी वगैरे काही झाली नाही. पेपर संपल्यावर व्हरांड्यात चहा घेताना त्यांनी नुसते विचारले, “आधी कुठे होता तुम्ही?” मला हा प्रश्न फार दिवसांत कोणी विचारला नव्हता. मी सुरू झालो तो थांबलोच नाही. तारघर, दारावरची घंटा, तार फोडायच्या आधी लोकांचे आमच्या तोंडाकडे बघणे, पास झाल्याची तार आहे हे तोंड न उघडता नुसत्या चेहऱ्यावरून कळवायची आमच्या वाटपाच्या शिपायाची हातोटी, सगळे सांगितले. पर्यवेक्षक भले गृहस्थ आहेत, चहा गार होईपर्यंत ऐकत राहिले. मला वाटले त्यांना रस आहे. ते अहवालाची तयारी करत होते. माझ्याच तोंडाने माझा घात केला, याबद्दल मला त्यांच्याविषयी राग नाही. ऐकले तरी.

६. यापुढील मजकूर माझ्या विरोधात जाणारा आहे आणि तोच महत्त्वाचा आहे.

उत्तरपत्रिकेचा पहिला विभाग आणि दुसरा विभाग यांची भाषा वेगवेगळी आहे, हा परीक्षकांचा शेरा शंभर टक्के बरोबर आहे. पहिल्या विभागात ‘म्हणजे बघा’, ‘आता गंमत अशी’, ‘हे मला आधी पटतच नव्हतं’ अशी बोलकी वाक्ये आहेत, आणि दुसऱ्यात एकदम मोजून मापून चार-चार शब्द. आपल्या पत्रासोबत आलेल्या उत्तरपत्रिकेच्या प्रतीत परीक्षकांनी समासात लिहिले आहे, ‘दुसऱ्या विभागातील उत्तरे आदर्श आहेत, ती उमेदवाराची वाटत नाहीत.’ ती तिचीच आहेत. भाषा माझी आहे.

झाले ते असे. पेपर थोडक्यात उत्तरे लिहिण्याचा होता. प्रत्येक प्रश्नाखाली ‘दोन ते तीन वाक्यांत लिहा’ असे छापलेले होते. मी ते तिला वाचून दाखवत होतो, कारण प्रश्न वाचून दाखवायची मुभा आहे. ती “हो हो” म्हणायची आणि पुढे बोलत सुटायची. पेशीच्या पटलाला तिने दारावरचा खडूस राखणदार केला. तो कोणाला आत सोडतो, कोणाला अडवतो, पाण्याशी त्याची ओळख कशी, मिठाशी त्याचे वाकडे का. दोन गुणांचा प्रश्न, पण पान भरले. मी शब्दन्‌शब्द लिहून एक ठोका दिला. खरे सांगतो साहेब, मला ते ऐकायला आवडत होते. मी मुद्दाम हळू लिहिले नाही, पण घाईही केली नाही, एवढे मान्य करतो.

मग पर्यवेक्षकांनी शेवटच्या अर्ध्या तासाची सूचना दिली. दुसरा विभाग अख्खा शिल्लक होता. मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि मला विचारले, “लांबलं ना माझं? आता काय करू हो?”

महोदय, मला बोलता येत नव्हते. ‘पोरी, आता नेमके बोल’ एवढे चार शब्द मी जवळ असून सांगू शकलो नाही. तिला तर नेमके बोलताच येत नव्हते. भीतीने ती आणखीच वाढवून बोलायला लागली, वाक्यात वाक्य अडकायला लागले. आणि माझ्या हाताने, मी सांगायच्या आधीच, जुने काम सुरू केले.

७. हे काम काय, ते आपणांस कळावे म्हणून सांगतो. तारेला शब्दागणिक दर असे. खिडकीशी येणाऱ्या माणसाला सगळेच लिहायचे असायचे. त्याचा कागद घ्यायचा, आणि त्याच्यादेखत एकेक शब्द खोडत जायचे. ‘आई कालपासून खूप आजारी आहे आणि सारखी तुझी आठवण काढते आहे तरी जमेल तसा लवकर ये’ याचे ‘आई अत्यवस्थ. निघ.’ करायचे. माणूस कागदाकडे बघायचा आणि म्हणायचा, हो, हेच म्हणायचं होतं मला. मी या कामात चांगला होतो. वरिष्ठांनी तसा शेरा दिलेला आहे.

तेच मी दुसऱ्या विभागात केले. ती सांगत होती त्याचा गाभा उचलायचा, बाकीचे सोडायचे. ती पुढे बोलत असतानाच माझे लिहून व्हायचे. ती थांबली की मी एक ठोका द्यायचो. एक ठोका म्हणजे ‘लिहिले’. ती निर्धास्त व्हायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायची. ठोका खोटा होता. तिने सांगितलेले तीन चतुर्थांश कागदावर आलेच नव्हते, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून या प्रकरणात उमेदवाराला दोषी धरणे म्हणजे तार कापली म्हणून पाठवणाऱ्याला दंड करण्यासारखे आहे.

८. तिला काही येत नव्हते आणि मी भरले, अशी शंका राहू नये म्हणून एक उदाहरण देतो. प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे काय, असा प्रश्न होता. कागदावर आहे : ‘उत्तेजनास तत्काळ अनैच्छिक प्रतिसाद. नियंत्रण मज्जारज्जू. मेंदूस खबर नंतर. उदा. गरम भांडे.’ आणि तिने सांगितले होते ते असे : “गरम भांड्याला हात लागला की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर येतं. कारण मेंदूकडून हुकूम येईपर्यंत थांबलो तर हाताची वाट लागेल ना, म्हणून मज्जारज्जूच परस्पर निकाल लावून टाकतो आणि मेंदूला मागाहून सांगतो, बाबा रे, असं असं झालं. मी स्वयंपाक शिकले ना, तेव्हा माझ्या अंगात सगळ्यात जास्त कोण राबलं असेल तर तो मज्जारज्जू.” आता आपणच सांगावे, हे कोणाला जास्त येते? माझ्या वाक्यांना पूर्ण गुण मिळाले आहेत. माझ्या वाक्यांतले एकही मला समजलेले नव्हते, तिचे ऐकून समजले. त्या दिवशी घरी पातेले उतरवताना हात भाजला तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो.

९. सांकेतिक मजकुराबाबत. हृदयाच्या झडपांच्या उत्तराखाली ‘सविस्तर मागाहून’ असे दोन शब्द आढळले, ते कोणत्या टोळीची खूण आहेत, असे आपण विचारले आहे. महोदय, ती टोळी नाही, सवय आहे. तारेत सगळे मावत नसे. मावले नाही की शेवटी ‘पत्र मागाहून’ किंवा ‘सविस्तर मागाहून’ असे टाकायचे, म्हणजे वाचणाऱ्याने घाबरून जाऊ नये, आणखी काही येणार आहे. झडपांच्या उत्तराला मी सगळ्यात जास्त कापले. वेळ संपत आली होती. ती सांगत होती की लहानपणी मावशीच्या मागे स्कूटरवर बसायची तेव्हा मावशीच्या पाठीला कान लावून ऐकत जायची. दोन आवाज यायचे, एक जाडा, एक बारीक, आणि तेव्हा वाटायचे आत कोणीतरी दारे लावत फिरते आहे. मोठी झाल्यावर मावशीने झडपांचा धडा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “मावशे, हे तर मला माहितीये, ही तुझीच दारं.” हे सर्व मी ऐकले आणि लिहिले, ‘झडपा रक्त उलट जाऊ देत नाहीत. आवाज दोन, झडपा मिटण्याचे.’ लिहिले आणि मला कसेसेच झाले. एवढे सगळे टाकून द्यायचे? हाताने आपणहून पुढे ते दोन शब्द टाकले. कोणाला उद्देशून, ते मला सांगता येणार नाही. परीक्षकांनी त्यावर लाल प्रश्नचिन्ह केले, तेही योग्यच आहे.

१०. आपल्या पत्रासोबतच्या प्रपत्रात दोन चौकोन आहेत. ‘अ’ : मी उमेदवाराने सांगितले ते शब्दशः लिहिले. ‘ब’ : मी मजकुरात स्वतःहून बदल केला. यातील ‘अ’वर खूण केल्यास सखोल चौकशी होईल, तोवर निकाल राखलेला राहील, आणि लेखनिकाचे नाव यादीवर कायम राहील. ‘ब’वर केल्यास लेखनिक कायमचा बाद, मात्र लेखनिकाच्या चुकीची शिक्षा उमेदवारास देता येत नसल्याने निकाल मोकळा होईल. आपल्या कार्यालयातील आवक टेबलाच्या बाईंनी मला आपुलकीने बाजूला घेतले आणि सांगितले, “काका, डोळे मिटून ‘अ’ करा. चौकशी काय, चालत राहते. तुमचं नाव तरी राहील.” मी विचारले, आणि त्या मुलीचा प्रवेश? बाई म्हणाल्या, प्रवेश या महिन्याअखेर बंद होतात, तिला पुढच्या वर्षी मिळेल की. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. त्या मला ओळखतात, मुलीला ओळखत नाहीत.

मी प्रपत्र घरी आणले आणि तीन दिवस टेबलावर ठेवले. हे तीन दिवस मी वाया घालवले. यात दडवण्यासारखे काही नाही, म्हणून कारण लिहून देतो.

११. अर्जदार एकटा राहतो. पत्नी हयात नाही. ती असताना म्हणायची, अहो, घरात तरी पूर्ण वाक्य बोला, मी काय दर लावलाय का? मी हसण्यावारी न्यायचो. ‘भूक.’ ‘उशीर होईल.’ ‘मीठ कमी.’ असा आमचा संसार झाला. ती सविस्तर बोलायची आणि मी मनातल्या मनात खोडत बसायचो. आता घरात कोणी खोडण्याजोगेही बोलत नाही. मुलगा दूर असतो. रविवारी फोन करतो. बरे आहे ना, जेवलात ना, ठेवतो. त्याला नावे ठेवायला मला तोंड नाही, तो माझ्याच खिडकीत शिकला. शेजारी नवीन आहेत, त्यांच्या दाराला घंटा आहे, तिचा आवाज आमच्या तारघराच्या घंटेसारखा आहे, म्हणून मी दर वेळी उठतो.

अशा स्थितीत मंडळाचे बोलावणे हा माझा एकमेव दिवस असे, हे येथे लिहिण्यास हरकत नसावी. परीक्षेच्या हंगामात कोणीतरी समोर बसते आणि सलग तीन तास माझ्याशी बोलते. मला उत्तर द्यायचे नसते, आणि तेही बरेच असते, कारण मला ते येत नाही. पण बोलणे माझ्याकडेच येत असते. मी नसलो तर ते वाऱ्यावर जाईल, अशी माझी तिथे गरज असते. मानधन किती आहे हे मी आजवर नीट पाहिलेले नाही. खरे तर मीच काही द्यायला हवे होते. आणि साहेब, मला फार एकटे वाटते. हे वाक्य अर्जात बसत नाही याची मला कल्पना आहे, पण ते इतरत्रही कुठे बसत नाही.

म्हणून ‘अ’ आणि ‘ब’च्या मध्ये मी तीन दिवस रेंगाळलो. एकदा पेन ‘अ’पर्यंत नेलेही. मग वाटले, ती मुलगी आत्ता कुठेतरी बसून मावशीला विचारत असेल, निकाल का नाही लागला गं, मी तर सगळं सांगितलं होतं, त्यांनी ठोका दिला होता. आणि मी ‘अ’ केले नाही.

१२. सोबतच्या प्रपत्रात ‘ब’वर खूण केली आहे. खूण ठळक आहे. माझे नाव यादीतून कमी करावे, त्यास माझी हरकत नाही. यापुढे कोणी बोलावल्यास मी येणार नाही आणि कोणी का बोलावले नाही असेही विचारणार नाही.

तरीही मुलीच्या ज्ञानाबद्दल मंडळास शंका असेल, तर तिला कार्यालयात बोलवावे आणि दुसऱ्या विभागातील कोणताही प्रश्न विचारावा. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. प्रश्न विचारणाऱ्या साहेबांनी हातातले काम बाजूला ठेवून बसावे, आणि तिला मध्येच थांबवू नये. ती रोहिणी आणि नीला या रक्तवाहिन्यांतला फरक सांगेल तेव्हा बहुधा साहेबांचे मनगट मागेल. ते द्यावे. मला लेखनिक असल्यामुळे देता आले नाही, माझा हात लिहीत होता.

१३. अखेरचा मुद्दा. अहवालाच्या शेवटी नमूद आहे की ‘पेपर संपल्यावर उमेदवारानेही टेबलावर एक ठोका दिला, यावरून दोघांत संधान असल्याचे स्पष्ट होते’. हे खरे आहे, ठोका दिला. मावशी तिला घ्यायला आली होती, दोघी दारापर्यंत गेल्या होत्या. तिथून ती मावशीचा हात सोडून, बाकांना हात लावत लावत परत माझ्या टेबलापाशी आली. माझ्यावरची बोलायची बंदी अजून चालू आहे असे तिला वाटले असावे, म्हणून तीही काही बोलली नाही. बोटाने टेबलावर एकदा वाजवले आणि गेली. आमच्या बोलीत एक ठोका म्हणजे ‘लिहिले’, ‘पोचले’. मी आयुष्यभर लोकांचे निरोप इकडून तिकडे पोचवले, पण माझे काही पोचल्याची पावती मला तेवढी एकदाच मिळाली. म्हणून विनंती की बाकी सर्व ठोके पुरावा म्हणून खुशाल जप्त करावेत, पण हा एक आरोपातून वगळावा. तो परीक्षेशी संबंधित नव्हता.

१४. मागविल्याप्रमाणे, मर्यादेतील खुलासा :

‘उत्तरे तिची. शब्द मी कापले. तिला ठाऊक नव्हते. ठोके म्हणजे लिहिले, दुसरे काही नाही. दोष माझा एकट्याचा. निकाल सोडा, प्रवेश महिनाअखेर. नाव माझे काढा. सविस्तर सोबत.’

शब्द मोजले नाहीत, पण शंभराच्या बरेच खाली आहेत. उरलेले शब्द मंडळाने तिच्या खात्यावर टाकावेत, तिला लागतात.

१५. ‘सविस्तर मागाहून’ असे मी उत्तरपत्रिकेवर मंडळास लेखी कळवले होते आणि ते पाठवण्याचे राहून गेले होते. दुसऱ्या विभागातील सर्व उत्तरे, ती जशी बोलली तशी, आठवून, एकही ‘म्हणजे बघा’ न गाळता लिहून काढली आहेत आणि या अर्जास जोडत आहे. त्यांना गुण देऊ नयेत, वेळ संपल्यानंतर ती लिहिली आहेत. फक्त ती उत्तरपत्रिकेच्या मागे टाचावीत, म्हणजे मी तिला दिलेले ठोके उशिरा का होईना खरे होतील. आणि टाचण्यापूर्वी कोणीतरी एकदा वाचावीत. झडपांचे उत्तर शेवटी ठेवले आहे.

तिचे नाव मला माहीत नाही आणि नियमाप्रमाणे ते मला कळवूही नये. निकालही तिचा आहे, मला कळवणे बंधनकारक नाही, हे मी जाणतो. तरी माझे काम संपले की नाही एवढे मला कळावे, यासाठी शेवटचे जोडपत्र पाहावे.

कळावे, या चुकीचा एकटा धनी, आपला नम्र,

(स्वाक्षरी)
लेखनिक, आजपर्यंत

दिनांक : १४ जून

जोडपत्रे :

१) प्रपत्र, ‘ब’वर खूण केलेले.

२) दुसऱ्या विभागातील उत्तरे, सविस्तर. पाने पुष्कळ आहेत, त्याबद्दल क्षमस्व.

३) माझा पत्ता लिहिलेले व तिकीट लावलेले एक कार्ड. मजकुराची बाजू कोरी आहे. ‘उत्तीर्ण’ एवढा एक शब्द पुरे. जास्त लिहिल्यास माझी हरकत नाही.